पेनाची मूठ

पारनेर, ६ मे २०२४

चि. एलिझाबेथ हिस,

अ. उ. आ. अक्षर तुझ्या एस्तेरकाकूचं, मजकूर माझा. चाळीस वर्षं मी तिच्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणत आलो. अर्धांगाचा झटका आल्यापासून माझा सगळा पत्रव्यवहार त्याच पायांवर चालतो.

तू पाठवलेली पेनाची काळी मूठ पोचली. कोमट पाण्यात मऊ केली, माझ्या उजव्या हातात दाबली, गार होताच बोटांच्या खाचा पडून घट्ट बसली. तिच्यात पेन खोचून मी ‘जोशुआ’तल्या ‘जो’पर्यंत मजल मारली. आनंदाच्या भरात ती अंगणात बाजेवर ठेवली आणि शेजारच्या रंगनाथला दाखवायला बोलावून आणलं. येऊन पाहतो तर बाजेवर एक सरळसोट नळी. गुरुजी, हिच्यात बघायचं काय हाय, असं त्याने विचारलं. मी विज्ञान म्हणून सांगितलं.

२६ तारखेला पुण्यात जोशुआचा बाप्तिस्मा, आणि मला प्रवास बंद. पण आपल्या घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर प्रत्येक बाळाचं नाव घरातल्या वडीलधाऱ्याने त्याच दिवशी लिहायचं असतं. तुझंही मीच लिहिलं. तुझ्या मुलाचं नाव दुसऱ्या कुणाच्या हाताने पडलं तर मला फार लागेल. हे वाक्य काकू लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं.

तुझा,
यशयाकाका

ता. क. डाव्या हाताने लिहा म्हटलं तर गुरुजींचा अपमान होतो. हा मजकूर माझा. – काकू

पुणे, ११ मे २०२४

ती. काका-काकूंस,

सा. सलाम वि. वि. आकार लक्षात ठेवणाऱ्या प्लास्टिकवर चार वर्षं संशोधन करणारी तुमची पुतणी पारनेरचं ऊन मात्र विसरली. आमच्या प्रयोगशाळेत बारा महिने एसी असतो, त्यात माझीही बुद्धी गारठली असावी.

मुठीचा जन्माचा आकार म्हणजे ती सरळ नळीच. ऊब दिली की ती मऊ होते, दाबाल तशी गार होऊन बसते आणि पुन्हा तापली की जन्माच्या आकाराकडे धावते. कितीशा उष्णतेला धावायचं, हे आम्ही तिच्यात काय मिसळतो त्यावर ठरतं. काकांच्या हाताला चटका कळत नाही, म्हणून मी मऊपणा आणणारं द्रव्य सढळ हाताने घातलं. बळकटीसाठी काजळी घातली. त्या द्रव्याने मूठ जरा उबेलाच पाघळू लागली, काजळीने अंगणातलं सगळं ऊन ओढून घेतलं. दोघांनी मिळून माझं नाक कापलं.

सोबत नवी पांढरी मूठ आहे. मऊपणाचं द्रव्य नावाला, काजळीऐवजी अगदी बारीक माती. ही उन्हाला दाद देणार नाही. पण मातीने ती हट्टी झाली आहे, बिघडली तर नीट मागे यायची नाही. तेव्हा संधी एकच. पाणी चहाइतकं गरम लागेल, म्हणून काकांच्या हातावर मुळीच दाबू नका, भाजलेलं त्यांना कळणार नाही. काकू तव्यावरची भाकरी बोटांनी उलटते. जरा निवू देऊन तिच्याच हातावर बसवा. काकांची बोटं त्यात मावतील असं मला वाटतं. प्रबंधात ‘वाटतं’ लिहिलं की आमचे सर तो शब्द खोडतात.

काका, बाकीचं माझं हसण्यावारी न्या. पण त्या पानावर माझं नाव तुमच्या अक्षरात आहे म्हणून मला ते आवडतं. जोशुआचंही तसंच हवं.

तुमची,
एलिझाबेथ

पारनेर, २६ मे २०२४

चि. एलिझाबेथ हिस,

अ. उ. आ. पाकिटावरचं अक्षर पाहून हे काकूने लिहिलंय असं तुला वाटलं असेल. तसं नाही. मी स्वतः लिहितो आहे, सकाळपासून अडीच पानं फाडून.

काकूने मूठ दाबली तेव्हा मला धडकी भरली होती. तिने पापणीही हलवली नाही, उलट पाणी लई कोमट हाय म्हणाली. खाचा तिच्या बोटांच्या पडल्या. माझा अंगठा आधी बसेना, मग बसला. पेन मात्र तिचं कलतं तसंच कलू लागलं.

दहा वाजता, तुम्ही वेदीपाशी उभे असाल तेव्हा, मी पान उघडलं. तीन अक्षरांना पाव तास लागला. पेन उचलून पाहिलं. ‘जो’ लंगडा, ‘शु’ रेललेला, ‘आ’ तर आडवाच झालेला. हुबेहूब एस्तेरचं अक्षर. शाळेत अक्षरासाठी पोरांचे गुण कापणारा मी, आपल्याच शास्त्रात कोंबडी चालवून बसलो.

काकूने वाकून पाहिलं. चाळीस वर्षांचं उट्टं काढायची वेळ हाती आली होती, तरी तिने कोंबडीचं नावही काढलं नाही. मला माझीच लाज वाटली, आणि ते मी तिला सांगितलं. नावाखाली लिहिणाऱ्याने सही करायची आपली रीत आहे. मी पेन तिच्याकडे दिलं. बायकांनी कुठं त्यात लिहायचं म्हणून ती मागे सरली, मग पदराला हात पुसून तिने लिहिलं: यशया व एस्तेर. वरची ओळ कुणाची आणि खालची कुणाची, ते आता मलाही सांगता येत नाही.

तुला माझं अक्षर हवं होतं. हल्ली माझं अक्षर हे असं आहे. गोड मानून घे, आणि आम्हा दोघांवरची माया आहे तशी राहू दे.

तुझा,
काका

ता. क. मूठ भाकरीच्या फडक्यात गुंडाळून चुलीपासून लांब ठेवली आहे. ती पुन्हा सरळ करायची नाही.