दारामागच्या पाच रेघा

मद्रास, ९ जुलै १९९५

ती. वैद्यनाथमामांच्या पायांवर सेतूनं डोकं ठेवलं असे. (इथून पाय लांब पडतात, म्हणून कागदावर ठेवलं.) तुमचा गुडघा कसा आहे? अलमेलुमामींचा खोकला? मेलकावेरीहून आई लिहिते की मी बरी आहे, म्हणजे बरी नसणार.

मामा, तुम्ही म्हणायचात, हा पोरगा एका जागी टिकायचा नाही. पण स्कॅनच्या दवाखान्यात चाकांची खाट ढकलायला लागून आठ महिने झाले. (खाट फिरते म्हणून मी टिकलो असेन.) तिथेच माझ्या धाकट्या बहिणीसारखी, आपल्या वेदूसारखी एक मुलगी आली, वयानं तेराची, दिसायला सातची. तिच्या मेंदूचा फोटो काढला, औषध सुरू झालं. ते पाहून मी वेदूला बोलावून घेतलं, हे तुम्हांला ठाऊकच.

यंत्र म्हणजे खोलीएवढं लोहचुंबक, आत धातू नेऊ देत नाहीत. वेदूच्या अंगावरून निघालं ते ऐका: केसांतल्या अकरा पिना, कमरेची साखळी, तिरुप्पनंदाळचा ताईत, आणि आईनं परकराच्या नेफ्यात शिवलेला दुसरा ताईत (पहिल्याच्या मदतीला). नाकातली चमकी निघेना. मी खोबरेल लावून ओढली, वेदू माझ्यावर ओरडली, मग नर्सबाईही ओरडल्या. बोगद्यात असा ठणठणाट होतो की मिशीवाले लोक घाबरून बाहेर काढा म्हणतात. ही झोपली! स्वामीमलैला तुमच्या मूर्तींच्या कारखान्यात डबा घेऊन रोज यायची, तिथल्या ठोकाठोकीत वाढलेली.

फोटोत निघालं ते असं. मेंदूखाली तुरीच्या दाण्याएवढी गाठ असते, देठाला लटकलेली. तीच अंगाला ‘वाढ’ म्हणून सांगते. वेदूचा देठ जन्मापासूनच तुटका. फोटोत जो ठिपका खाली गाठीत चमकायला हवा तो वरच अडकलाय. ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणून नव्हे, कुणाची दृष्ट नव्हे. हाडांची वाढती टोकं अजून मिटली नाहीत, सुया दिल्या तर वाढेल, असं डॉक्टर म्हणाले.

मग डॉक्टरांनी विचारलं, वर्षाला किती वाढली? वेदूनं पिशवीतून माडाच्या पानाच्या पट्ट्या काढल्या. तुम्ही मूर्तीचं माप घेता तसं दर दिवाळीला मी तिचं घ्यायचो, आई पट्टी देवापाशी ठेवायची. डॉक्टरांनी पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या आणि म्हणाले, "ही तर छान वाढतेय! एक तर फोटो चुकतोय, नाहीतर पट्ट्या. खरं कळेपर्यंत सुया नाहीत."

मामा, फोटो चुकत नाही. नवी पट्टी घेतली की मागच्या सगळ्या मी खालून कापायचो. आई नवी-जुनी जोडून बघायची, "वाढली गं बाई!" म्हणायची, शेजारी गूळ वाटायची. पाच वर्षं गूळ वाटला, म्हणून पाच वर्षं कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघालं नाही.

तुमचा,
सेतू

ता.क. पत्र खरं तर याचसाठी. तुम्ही मूर्तींचे मेणाचे नमुने करता त्या खोलीत दारामागे खिळ्यानं ओढलेल्या पाच रेघा आहेत. कापायला लागलो त्या वर्षापासून तिला तिथे उभी करून आधी रेघ मारायचो, मग जुन्या पट्ट्या कापायचो. त्या रेघा खऱ्या. पंधरा तारखेला डॉक्टरांना पुन्हा भेटायचंय, त्याच्या आत जमिनीपासून मोजून कळवा. आणि आईला तुम्हीच सांगा, माझ्यानं लिहवत नाही.

आणखी एक. हे सगळं वेदूला वाचून दाखवलं. ती म्हणते, "अण्णा, पहिल्याच वर्षी तुला कापताना पाहिलं मी. म्हणून पुढच्या वर्षापासून टाचा उचलायचे. तुला कमी कापावं लागावं म्हणून." तेव्हा आईला तुम्ही काही सांगू नका, आम्ही दोघं मिळून लिहू. आणि मामा, पहिली सोडून बाकी चार रेघांतून दोन-दोन बोटं वजा करा. तुमची नव्हेत, तिची.