माहेरचा पहिला तांब्या

मळा, शेवगाव
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. निकितास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत बोलतेस आणि मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. दिवाळीत तू आलीस तेव्हा गुळाच्या खड्याबरोबर दुकानातली बाटली पुढे ठेवावी लागली. माहेरवाशिणीला विकतचं पाणी! मला ते अजून सलतंय.

बिभीषणभावजी विहिरीच्या काठावर फवारणीचे पंप धूत राहिले आणि तुझ्या वडिलांनी खणलेल्या विहिरीला औषधाचा वास लागला. आता त्यांचंच म्हणणं, वहिनी, लई झालं, हीर बुजवून टाकू. विहीर सामाईक आहे. गुढीपाडव्यापर्यंत थांबा, असं मी बजावलंय. विहिरीच्या पाण्याची बाटली तपासायला टेम्पोवाल्याबरोबर पाठवलीय. तू शाळेत विज्ञान शिकवतेस ना? मग काढ उपाय.

जावईबापूंना नमस्कार, तुला मायेचा हात.
आई

राहाता
९ डिसेंबर

ती. आईस शि. सा. नमस्कार.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाण्यात फवारणीचं औषध आहे, आणि नुसतं उकळून ते जाणार नाही. त्यावर नारळाच्या करवंटीचा खास कोळसा लागतो. भट्टीत कडक वाफ देऊन त्याला इतकी बारीक छिद्रं पाडतात, की औषध त्यात चिकटून बसतं. चुलीतला कोळसा चालत नाही. तू लगेच चूल उकरशील, म्हणून आधीच सांगते!

पिंप आणि कोळशाची गोणी पाठवते. कोळसा पिंपात भरून त्यातून विहिरीचं पाणी हळूहळू सोडायचं. सुरुवातीला काळं येईल, ते टाकून द्यायचं. पुन्हा तपासल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. काकांना पंपाबद्दल मी खडसावलंय.

काळजी घे, लोभ आहेच.
निकिता

मळा
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. निकितास आशीर्वाद.

अहवाल वाईट आला. पाण्यात औषध आहेच, वर आंबूस वास. भावजी म्हणाले, झालं आता, पाडव्याला हिरीत मुरूम टाकू.

रागावू नकोस. पिंप बसवलं त्या दिवशी लंकाबाईला आणि इतर शेजारणींना बोलावून जलपूजन केलं. हळदकुंकू, तांब्याभर दूध, नारळाचं पाणी, सगळं पिंपातच वाहिलं. विहिरीत वाहतो तसंच. देवाचं दूध नडेल असं कुणाला वाटणार? पण मी हटणार नाही. नवी गोणी पाठव.

तुझी हट्टी आई

राहाता
३ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. नमस्कार.

वाचून आधी कपाळावर हात मारला, मग पोट धरून हसले. अगं, देवाचं दूध कुठलं आणि औषध कुठलं, हे कोळशाला कळत नाही. सापडेल ते धरतो. दुधाच्या सायीनं त्याची छिद्रं बुजली, मग औषधाला जागा कुठून उरणार?

नवी गोणी निघाली आहे. कुंकू पिंपाला बाहेरून लाव. आत फक्त पाणी. तू हटणार नाहीस, तर मीही तुझीच मुलगी आहे.

निकिता

मळा
२४ मार्च

चि. सौ. निकितास पोटभर आशीर्वाद.

आलेला अहवाल भावजींनी स्वतः दोनदा वाचला. औषध आढळलं नाही! मग त्यांनीच पिंपाला बाहेरून कुंकू लावलं. पंप धुतलेलं पाणी आता ते रानातच फवारून टाकतात, आणि काठाकडे पंप घेऊन कुणी फिरकलं तर अंगावर धावून जातात. मुरमाचं नाव काढत नाहीत.

पाणी उकळून, गार करून ठेवलंय. पहिला तांब्या त्यांनी मागितला. मी म्हटलं, माहेरवाशीण येईपर्यंत कुणालाही घोट मिळायचा नाही. तेव्हा बाजारात जाऊन भावजीच गूळ घेऊन आले.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, भावजींच्याच हाती देते. टेम्पो घेऊन तुझ्या दारात उभे असतील. त्यांना चहा दे आणि लगेच नीघ. येताना बाटली आणू नकोस.

वाट पाहणारी,
आई