खांबाला बांधलेला लाल दोरा

डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो
९ सप्टेंबर १९८६

चि. मृणाल,

आशीर्वाद. सुमित्राआत्याला नमस्कार सांग, तिचा गुडघा कसा आहे ते कळव. परवा इथल्या मंडळाचा गणपती बसला. आरतीला शंभर माणसं आणि मोदक साठ! शेवटी माझ्या दुकानातले पेढे नेऊन अब्रू राखली. दुकान बरं चाललंय, नवा फ्रीझर घेतलाय. तुझा बारावीचा अभ्यास जोरात असेल.

एवढं लिहून कागद दोन दिवस गल्ल्यावर नुसता पडला होता. असली पत्रं मी तुला दहा वर्षं लिहितोय. आजचं जरा वेगळं आहे. आत्याला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

गल्ल्याशेजारी मी एका मुलीचा फोटो लावलाय. डोलकर तिचं नाव. लडाखच्या पठारावर शेळ्या-याकांमागे तंबू घेऊन फिरणारे तिबेटी लोक आहेत, त्यांच्यातली. लेहजवळच्या एका वसतिगृहात राहते, तिच्या शाळेचा खर्च मी पाठवतो. वर्षातून दोनदा तिचं हिंदीत पत्र येतं. मी मजेत आहे, अभ्यास चांगला चाललाय, आपली तब्येत कशी आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "प्रतापशेठ, मुलगी का?" मी हसून म्हणतो, "म्हणा तसं."

जुलैत मी तिला भेटायला गेलो होतो.

हो. जुलैत मी भारतात होतो, बावीस दिवस. आत्याला कळवलं नाही, तुलाही नाही. पुढचं वाच, मग हवं तर फाड.

पासपोर्ट अजून आपलाच आहे, म्हणून पठारावर जायची परवानगी मिळाली. आधी शाळेत डोलकर भेटली. तेरा वर्षांची, हिंदी फाडफाड. म्हणाली, "अंकल, आईला सांगा, मी वर्गात पहिली आले." सहा वर्षांत ती घरी गेलेली नाही. हिवाळ्यात सुट्टी असते तेव्हा वाट बर्फात बंद, आणि वाट उघडते तेव्हा शाळा चालू. मग तिच्या शाळेतल्या नोर्बू मास्तरांना घेऊन मी जीपनं निघालो. दोन दिवस लागले. विरळ हवेनं डोकं असं ठणकत होतं, की मनातल्या मनात मास्तरांना शिव्या घातल्या.

याकच्या केसांचा काळा तंबू. आत डोलकरची आई, पाल्मो. तिनं लोण्याचा खारट चहा दिला आणि माझ्याकडे बघत बराच वेळ बोलली. मास्तर म्हणाले, "ती आभार मानतेय."

"मास्तर, मी दुकानदार माणूस. एवढ्या मोठ्या बोलण्याचं एवढुसं हिंदी होत नसतं. सगळं सांगा."

मास्तर ओशाळले. "ती म्हणते, मुलगी तुम्हाला दिली तेव्हा तीन दिवस घास उतरला नाही. मग मनाची समजूत घातली, की अमेरिकेत तुमच्या घरी पोटभर जेवत असेल. विचारते, तिला बरोबर का नाही आणलंत?"

मृणाल, सहा वर्षं त्या बाईला वाटत होतं, की तिची पोर माझ्या घरात राहते! अमेरिकेतला माणूस सांभाळणार, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, तिनं त्याचा सरळ अर्थ घेतला. मुलगी दोन दिवसांच्या वाटेवर आहे, हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. नुसती बसून राहिली.

मग ती उठली. कमरेशी तळवा धरला, म्हणाली, "अशी होती. आता केवढी झाली?" मी तंबूच्या खांबाजवळ गेलो, माझ्या खांद्याइतकी उंची दाखवली. तिनं लाल लोकरीचा दोरा आणून तिथे बांधला आणि त्या गाठीवरून हात फिरवला, केसांवरून फिरवावा तसा.

मग मला विचारलं, "तुम्हाला लेकरं?"

"एक मुलगी. सतराची."

"कुठे असते?"

"भारतातच. माझ्या बहिणीकडे."

"मग येताना भेटून आला असाल."

मी "हो" म्हणालो. जन्मभर घासाघीस केली, पण इतकं स्वस्त खोटं कधी बोललो नव्हतो.

ती खुलली. लाल दोऱ्याचा दुसरा तुकडा पुढे करून म्हणाली, "ती केवढी झाली?"

मी उठलो, खांबाशी हात धरला. हात आपसूक छातीशी गेला. ऐंशी साली मिरजेला तुला जवळ घेतलं, तेव्हा तुझं डोकं तिथे आलं होतं. बघतो तर डोलकरची गाठ माझ्या हाताच्या वर! तेराची वर, आणि माझी सतराची खाली. मास्तर जमिनीकडे बघायला लागले. दोरा माझ्या मुठीत ठेवून पाल्मोनं मूठ मिटली.

तिथून दिल्ली. दिल्लीहून मिरजेला गाडी होती. मी शिकागोच्या विमानात बसलो.

आता राहिलेलं सांगतो. तुझी आई गेल्यावर 'दोन वर्षांचाच प्रश्न आहे' म्हणून तुला आत्याकडे ठेवलं. ऐंशी साली न्यायला आलो, तेव्हा तू आत्याच्या मागे लपून म्हणालीस, "मी नाही येणार." आजवर सगळ्यांना सांगत आलो, पोरीनंच नको म्हटलं. पण मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं, मृणाल. पुढच्याच महिन्यात डोलकरचा फॉर्म भरला. ती काही मला नाही म्हणणार नव्हती.

परतल्यावर तुझी पत्रं काढली आणि तिच्या पत्रांशेजारी मांडली. मी मजेत आहे. अभ्यास चांगला चाललाय. आपली तब्येत कशी आहे. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. गिऱ्हाईक दारात खोकलं तरी मी ओळखतो काय घेणार. हे मात्र दहा वर्षं ऐकू आलं नाही.

परवा माझ्या मित्राची, श्रीरामची दीपा दुकानात आली होती. फोटो बघून म्हणाली, "काका, इज शी युअर डॉटर?" पहिल्यांदाच मी "नो" म्हटलं. आठ वर्षांची पोर, लगेच विचारते, "देन व्हेअर इज युअर्स?" तेव्हा हे पत्र लिहायला घेतलं.

डोलकरला पुढच्या जूनमध्ये महिनाभर आईकडे सोडायचं शाळेनं कबूल केलंय. मास्तर स्वतः नेणार आहेत.

वीस डिसेंबरला मी मिरजेला येतोय. न्यायला नाही. पाकिटात तो लाल दोरा आहे. वाटलं तर दाराच्या चौकटीला तुझ्या डोक्याच्या उंचीवर बांध. दोरा दिसला नाही, तर पायरीवर बसून राहीन. आतून "नको" आलं तरी या वेळी सुटलो असं समजणार नाही.

खाली 'तुझा बाबा' लिहायला हात उचलत नाही. म्हणून सध्या नुसताच,

प्रताप