अराकावातला दुसरा सील

१ जून, रविवार
आजपासून रोजनिशी. मराठीतच. घरात मराठी टिकवायची तर कुणीतरी सुरुवात करायला हवी. ओवी (वय दहा, जपानी शाळा, पाचवी) हल्ली काहीही विचारलं तरी जपानीत उत्तर देते. काल "जेवलीस का" विचारलं, तर "उन्" म्हणाली. हे उत्तर की उचकी, कळायला मार्ग नाही.
संकल्प: ओवीशी रोज वीस मिनिटं मराठी. पोट कमी. ऑफिसबाहेर काहीतरी भरीव काम. मिताली म्हणते, तुला छंद म्हणून फक्त मतं आहेत. लग्नाला बारा वर्षं झाली की बायका असं बोलतात. मनावर घेतलेलं नाही.

७ जून, शनिवार
नदीत सील आलाय. आमच्या फुनाबोरीच्या बिल्डिंगपासून अराकावा चालत दहा मिनिटं. हा प्राणी एरवी तिकडे उत्तरेला, होक्काइदोच्या थंड समुद्रात असतो. वाट चुकून टोकियोत शिरला आणि आता पुलाच्या खांबाशी काँक्रीटचा चौथरा आहे त्यावर ऊन खात पडतो. अंगावर तीळ सांडल्यासारखे ठिपके, म्हणून लोकांनी नाव ठेवलं गोमा-चान. गोमा म्हणजे तीळ.
निरीक्षणासाठी व्हॉलंटियर हवेत अशी नोटीस लिफ्टमध्ये. ठिपक्यांवरून सील ओळखायचा, फोटो काढायचे. नाव दिलं. ओवीचंही दिलं. ती "एएए" म्हणाली. आनंदाने असावं.

८ जून, रविवार
ओरिएंटेशन. प्रमुख होशिनो-सान, निवृत्त शिक्षिका. दीड तास शुद्ध जपानी. मी व्यवसायाने ब्रिज इंजिनिअर, म्हणजे कावासाकीचा कस्टमर आणि पुण्याची टीम यांच्यातला चालताबोलता पूल, त्यामुळे मुद्दा लगेच पकडला आणि बाकीचं सोडून दिलं. शेवटी बाई "मिगी, हिदारी", उजवं-डावं, असं बराच वेळ समजावत होत्या. काठावर सायकल कुठल्या बाजूने न्यायची ते असावं. आम्ही चालत जातो. मी तेवढ्यात लेन्स सेट केली.
(लेन्स नवीन आहे. मितालीला सांगितलेलं नाही. पण लांबी बघता फार काळ लपणार नाही.)
ओळखपत्रासाठी ओवीने माझा फोटो काढला. डावीकडून काढायला सांगितलं. उजवीकडून माझ्यावर उजेड नीट पडत नाही.

१५ जून, रविवार
पहिली ड्यूटी. आमच्याच काठावर. गोमा-चान नेहमीसारखा डोकं समुद्राकडे करून पडलेला. इतका शिस्तीचा प्राणी पाहिला नाही. मानेवर तीन ठिपके, एका रांगेत. उत्तम फोटो.
वारा फार. डावीकडचे केस उजवीकडे नेऊन बसवायचं काम मी रोज सकाळी मेहनतीने करतो. नदीवरच्या वाऱ्याला ते मान्य नाही.
मराठीची वीस मिनिटं उद्यापासून.

२९ जून, रविवार
ऐतिहासिक दिवस.
आज ड्यूटी पलीकडच्या काठावर लागली. पूल ओलांडून गेलो. चौथऱ्यावर सील. फोटो काढला, मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा करून पाहिला. मानेवर तीन ठिपके नाहीत. तिथे चक्क अर्धचंद्र. पोटाकडचेही ठिपके वेगळे. पहिल्या फोटोशी एकही जुळेना.
नदीत दुसरा सील आहे. इतके दिवस एवढे जपानी दुर्बिणी लावून बसलेत आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. यायला डोळा लागतो.
नाव ठेवलं: पेशवा.

३० जून, सोमवार
ऑफिस. अनुराग पुण्याहून नवा आलाय, त्याला जपानी माणूस वाचायला शिकवलं. म्हटलं, हे लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत. "विचार करू" म्हणाले की नाही समज. दातांतून हवा आत ओढली की ठाम नाही. त्यावर "इंटरेस्टिंग आहे" म्हणाले, तर विषय पुन्हा काढूच नकोस. पोराने लिहून घेतलं.

६ जुलै, रविवार
होशिनो-सानना पेशव्याबद्दल सांगितलं. त्यांनी दातांतून हवा आत ओढली. थक्क झाल्या. मग म्हणाल्या, फार इंटरेस्टिंग आहे, विचार करू. इतकी दाद मला ऑफिसात कधी मिळाली नाही.
दोघं एकत्र कधी दिसले का, असं त्यांनी हळूच विचारलंही. नाही दिसले. दोन नर एका हद्दीत फिरकत नाहीत, हे मी कुठेतरी वाचलंय. कुठे ते आठवत नाही. नर आहेत का, तेही बघायला हवं.
ओवी शेजारी उभी राहून बुटांकडे बघत होती. अभिमानाने संकोचली असेल.

२० जुलै, रविवार
उन्हाळ्याची सुट्टी लागली. इथे सुट्टीत प्रत्येक मुलाने स्वतः एक संशोधन करायचं असतं. ओवीने सील घेतला. निवडक मुलांना सप्टेंबरात वॉर्डाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं असतं आणि तिची निवड नक्की, असं तिच्या शाळेतल्या बाई म्हणतात. वर्गात ही एकटी भारतीय. गेल्या वर्षी नाव पुकारलं तेव्हा मागची मुलं हसली होती. ते मी विसरलेलो नाही. या वर्षी हॉल आ वासून बघेल.
मथळा मीच सुचवला: "अराकावात दोन सील: एक शोध". ओवी म्हणाली, "इप्पिकी." म्हणजे एकच. मोजणी कच्ची आहे, सुट्टीत करून घेतो.

३ ऑगस्ट, रविवार
सकाळी आमच्या काठावर ड्यूटी, गोमा-चान. पेशव्याचा पत्ता नाही. दुपारी मुद्दाम पलीकडे गेलो, पेशवा. गोमा-चान गायब. इकडे एक, तिकडे एक, जागा तीच. शिफ्ट वाटून घेतल्यात. शेवटी जपानमध्ये राहतात.
बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर टाकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या अंबरीषने विचारलं, नानासाहेब झाले, राघोबादादा कधी येतायत? असूया. सगळ्यांना हॉलचं आमंत्रण देऊन टाकलं.

१७ ऑगस्ट, रविवार
आज ओवी आपणहून बरोबर आली. मला लेन्सला डोळा लावून स्थिर उभं राहायला सांगितलं (जपानीत, खुणांनी). मग या बाजूने माझा फोटो काढला, पलीकडे जाऊन त्या बाजूनेही काढला. वारा सुटला होता. उजवीकडचा डिलीट कर म्हटलं. ती "उन्" म्हणाली.
खरं सांगायचं तर बरं वाटलं. बापाचं एखादं काम पोरीला फोटो काढण्याइतकं आवडावं, एवढंच हवं होतं. लेन्सबिन्स त्याच्यासाठीच.

२४ ऑगस्ट, रविवार
गोमा-चान गेला. समुद्राकडे पोहताना एका कोळ्याने पाहिला. पेशवाही त्याच दिवसापासून नाही. मैत्री झाली असावी.

३१ ऑगस्ट, रविवार
भांडण. ओवीच्या तक्त्यावर माझा मथळा नव्हता. मी छापून चिकटवला. तिने काढला. मी पुन्हा चिकटवला. ती खोलीत जाऊन दार लावून बसली.
मिताली म्हणाली, "तिथे उभं तिला राहायचंय, प्रसन्न, तुला नाही. उद्या तिला हसले, तर ते तुझ्यामुळे हसतील."
म्हटलं, दोन सील शोधणाऱ्या मुलीला कोण हसेल? मिताली मला म्हणाली, होशिनो-सानांनी काय सांगितलं ते एकदा ओवीला विचार. मी म्हटलं, त्या विचार करतायत.
तक्ता ओवीच्या खोलीत. दार बंद. मथळा आहे की नाही माहीत नाही. असणारच.

१३ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ
हॉल भरलेला. बिल्डिंगमधले सगळे आले, अंबरीष पुढे मोबाइल धरून. मी तिसऱ्या रांगेत. डावी बाजू स्टेजकडे येईल अशी खुर्ची निवडली होती.
ओवीचं नाव पुकारलं. मागून कुणीतरी हसलं. तिने तक्ता उलगडला. मथळा होता, जपानीत, मोठ्या अक्षरांत: "माझ्या बाबांना एका सीलचे दोन का दिसले?"
वर सीलचे दोन फोटो. या काठावरून डावी बाजू: तीन ठिपके. त्या काठावरून उजवी बाजू: अर्धचंद्र. ओवी अगदी शांतपणे सांगत होती की सीलच्या दोन्ही अंगांवरचे ठिपके सारखे नसतात, म्हणून फोटोबरोबर डावं की उजवं ते नेहमी लिहायचं. पहिल्याच दिवशी होशिनो-सानांनी अर्धा तास हेच समजावलं होतं. सायकलींबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या.
खाली आणखी दोन फोटो. डावीकडून एक भरगच्च केसांचा गृहस्थ. उजवीकडून एक टकला.
आता सगळा हॉल हसत होता. तिला नाही. आधी हसलेलं पोरगंही मान लांब करून तक्ता बघत होतं. परीक्षक गृहस्थ फार नम्रपणे म्हणाले, वरचा सील एकच आहे हे पटलं. खालचा माणूस एकच आहे हे पटायला जरा कठीण आहे.
मी दाराकडे पाहिलं. दार लांब होतं. ओवीने माझ्याकडे पाहिलं. मघापासून न थरथरलेली पोरगी आता ओठ चावत होती. मी निघून जाईन अशी भीती तिला वाटली असावी. मग माईकमध्ये म्हणाली,
"बाबा, उभा राहा ना जरा. आता दुसरीकडे वळ."
जूनपासूनचं तिचं पहिलं सलग मराठी. एकही चूक नाही.
वळलो. टाळ्या पडल्या. होशिनो-सानही वाजवत होत्या, या वेळी हवा आत न ओढता.
उद्या सकाळी न्हावी. सगळेच काढायला सांगणार आहे. दोन्हीकडून सारखे.