चंद्राचे दोन पक्ष

९ नोव्हेंबर

चंद्रालासुद्धा दोनच पक्ष असतात. आमच्या साहेबांचा चौथा चालू आहे!

दात घासताना सुचलं. तोंड न धुताच फेसबुकवर टाकलं. साहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, यंदा झेडपीला उभे. त्यांच्याच गारगोटीच्या शाळेत मी बावीस वर्षं मराठी शिकवतोय आणि येत्या जूनमध्ये मुख्याध्यापकाची खुर्ची माझी आहे. म्हणून पोस्ट फक्त मित्रांनाच दिसेल अशी लावली. धाडस करायचं, पण कडी लावून! आहे हे असं आहे.

आबांना, म्हणजे वडिलांना, वाचून दाखवलं. हसून हसून ठसका लागला. "परत म्हण, परत म्हण" करत तीनदा ऐकलं आणि अर्धा चहा टाकून कोपऱ्यावर गेले. ऐंशीला आले तरी पेठेतल्या मंडळाचा फळा रोज तेच लिहितात — कुणाचा वाढदिवस, पाणी किती वाजता, कोण वारलं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता खडूवर हौस भागवतात.

१० नोव्हेंबर

चाळीस जण हसले. अरिहंत सोडून. तो माझा कॉलेजपासूनचा दोस्त, शिवाजी पेठेत भांड्यांचं दुकान, आणि साहेबांचा कट्टर माणूस. एरवी कमेंटमध्ये भांडतो, आज थेट फोन.

"नाग्या, जूनपतुर जरा गप बस की. तुझं काय अडलंय?"

"साहेबांनी सांगितलं वाटतं?"

"मी सांगतोय. रविवारी घरला ये, तोंडावर बोलू."

अक्कल शिकवतोय मला. साहेबांनी रस्ता केला म्हणून हा त्यांच्यावर फिदा. रस्ता केला खरा, पण दर वळणाला साहेबच वळले! — हे उद्या टाकावं.

१३ नोव्हेंबर

नोटीस! "आपल्या नावे प्रसृत झालेल्या मजकुराबाबत व्यक्तिशः खुलासा करावा." खाली मजकूर — चंद्राचा. शाळेतल्या क्लार्कनं मान वर न करता सही घेतली. कालपर्यंत हाच माझ्या पोस्टी बायकोला वाचून दाखवायचा.

कडी लावलेली पोस्ट बाहेर गेली कशी? यादीत त्रेसष्ट माणसं. साहेबांचा त्यात एकच.

अरिहंतला फोन लावला. "स्क्रीनशॉट तू दिलास?"

तो म्हणाला, "तुला तसं वाटतंय न्हवं? मग तसंच हाय म्हण."

ठेवला फोन. कबुलीच की ही! तीस वर्षांची दोस्ती आणि माझी खुर्ची, दोन्ही एका झटक्यात विकली साल्यानं. आता कळलं, तो "गप बस" म्हणजे काय होतं. धमकी होती ती.

१४ नोव्हेंबर

"सूर्यास्तानंतर न जेवणारे काही लोक मित्राचा घास मात्र कुठल्याही वेळी गिळतात."

ही पोस्ट सगळ्यांसाठी खुली. दोनशे बारा लाइक! नाव घातलं नाही, पण पेठेत शेंबड्या पोरालाही कळेल.

बायकोनं, अंजनानं, वाचलं आणि ताट माझ्यापुढं आपटलं. "पंचवीस वर्सं बघतीया, त्यो माणूस दिस मावळायच्या आत आपल्या घरात जेवतोय. त्याच्यासाठनं मी बिनकांद्याची आमटी करती. आपल्या घरचं पाणी प्यायला त्यानं कधी नाक मुरडलं? आणि तुमी त्याचं जेवान काढलासा?"

मी म्हटलं, त्यानं माझी नोकरी काढली त्याचं काय?

ती आत निघून गेली. आमटी आळणी होती. मीठ काही मागितलं नाही.

१५ नोव्हेंबर

अरिहंतची कमेंट नाही. शिवी तरी द्यायची!

१६ नोव्हेंबर

रविवार. अर्थातच गेलो नाही. आबा दोनदा दारापर्यंत जाऊन आले. "अरिहंत आला न्हाई त्यो?" कामात असेल म्हटलं. "आन् तू काय लिवलंस आज?" काही नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं. नोटिशीचं त्यांना सांगितलेलं नाही. सांगून काय उपयोग?

२० नोव्हेंबर

संस्थेच्या ऑफिसात खुलासा. अभिव्यक्तीवर दोन पानं लिहून नेली होती. खासगी पोस्ट, मित्रानं केलेला विश्वासघात, सगळं होतं त्यात. सेक्रेटरींनी कागद घेतलाच नाही. मोबाईल माझ्याकडं फिरवला.

स्क्रीनशॉट नव्हता. फोटो होता. आमच्या कोपऱ्यावरचा फळा! पाणी सहा ते आठ, आणि त्याखाली चंद्र, दोन पक्ष, साहेब — आबांचं ते ऐटबाज अक्षर. शेवटी अधोरेखित करून — "विचार : आमचे चि. नागसेन, सहशिक्षक, गारगोटी."

आबांना फेसबुकची कडी कुठली ठाऊक? चार लोकांनी वाचावं म्हणूनच तर लेकाचं नाव, हुद्दा, गाव, सगळं घातलं. दुकानाची पाटी रंगवल्यासारखं.

आणि फोटोत एक माणूस पाठमोरा. हातात ओलं फडकं. अर्धी ओळ पुसलेली. कुणी फोटो काढतंय म्हणून दुसरा पंजा मागं वळवून आडवा धरलेला. अरिहंत.

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आबांचं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून स्वतःवर घेतलं आणि मी त्याच्या जेवणावर गेलो. लाज वाटते लिहायला.

"हे अक्षर कुणाचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझंच," म्हटलं. माफीनाम्यावर सही केली. जून गेला. त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण डोळ्यापुढं तो पंजाच होता.

२१ नोव्हेंबर

पोस्ट काढून टाकली. ज्यांना वाचायची होती त्यांची वाचून झालीच होती.

दिवस मावळायच्या आत शिवाजी पेठेत गेलो. अंजनानं डबा दिला होता. अरिहंत पातेली रचत होता. त्यानं वर पाहिलं, हात पुसले.

"या पावणं. काय दाखवू?"