हलका फोन

४ मार्च, सोमवार

तिचा फोन हातात हलका लागला आणि तिथंच माझं सगळं बदललं.

रोज सकाळी साडेसहाला कॉलेजची तीस पोरं व्यायामशाळेत येतात, फोन माझ्याकडे देतात आणि मैदानावर तासभर पळतात. साठ दिवस मनावर ताबा – व्यायामशाळेच्या मास्तरांची योजना. फोन ठेवायच्या पेटीची किल्ली माझ्याकडे. दुसऱ्या वर्षाला एका सरांशी भांडून कॉलेज सोडलं, मग ही नोकरी धरली. का? ती येते म्हणून! बाकीचे फोन टेबलावर आदळतात. ती हातात देते.

शनिवारपर्यंत जड होता. आज मागचं झाकण काढलं – बॅटरीच नाही. कुठलातरी जुना, मेलेला डबा.

५ मार्च

लक्ष ठेवलं. खरा फोन टी-शर्टाखाली, कमरेच्या पट्ट्यात. वीस फेऱ्या मारल्या, एकदाही काढला नाही. मग आणते कशाला? कुणाची तरी वाट बघत असणार. आणि मी आपला तिचा डबा जिवापाड सांभाळतोय!

६ मार्च

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, तो फोन ठेव आधी, घास नाकात जाईल. ती ऑनलाइन आहे का, एवढंच बघत होतो. सकाळपासून किती वेळा, मोजलं नाही.

पण मी कुणाला फसवत नाही.

७ मार्च

मास्तरांच्या कानावर घातलं. त्यांचं उत्तर – पळतेय ना? मग झालं. वर मलाच ऐकवलं की खुर्चीत बसून तुझं पोट सुटलंय, तूही दोन फेऱ्या मार. माझ्या बाजूनं कुणीच नाही.

८ मार्च

सगळ्यांसमोर तिला खोटारडी म्हणालो. आणखीही नको ते बोललो. कमरेचा फोन काढून तिनं माझ्यापुढे धरला. फोटो होता. माझाच चेहरा – खालून, ओठ चावलेला, मागे उघडी पेटी. लॉकचा पॅटर्न चुकला की तिचा फोन आपोआप फोटो काढतो.

"शनिवारचा आहे," ती म्हणाली. "पाच वेळा चुकलास."

९ मार्च

हे मी या वहीलाही सांगितलं नव्हतं.

माझा फोन पेटीत टाकला. किल्ली मास्तरांच्या टेबलावर ठेवली. ती मैदानावर पळत होती, मी वळून पाहिलं नाही. बाहेर पडलो. दार ओढून घेतलं.