टाउनशिपची सर्दी

पिपलानी, भोपाळ

ती. वसुधाआत्यास,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, हे विचारायला आता धीर होत नाही. मी फिजिओथेरपी शिकणार हे कळल्यापासून घरी येणारा प्रत्येकजण आधी गुडघाच पुढे करतो. तरी विचारते. आई बरी आहे. बाबा, आपण बरे आहोत असं म्हणतात. फोन केला नाही, कारण फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे (आणि खुर्चीत बाबा आहेत).

परदेशातल्या कॉलेजच्या अर्जात एक अट आहे. डॉक्टरांच्या मागे राहून त्यांचं काम पाहिलं असेल, तर त्यातले दोनच अनुभव निवडून लिहायचे. मी तीन ठिकाणी राहिले. म्हणजे एक गाळायचा, आणि तो कोणता यावरून घरात बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे.

पहिले अरेरा कॉलनीतले हाडांचे सर्जन, बाबांच्या साहेबांचे मेहुणे. ते फार भरभर चालतात. त्यांची पाठ मी कुठल्याही गर्दीत ओळखेन. दुसरं साकेत नगरकडचं एक नर्सिंग होम. तिथे एका आजोबांना कुबड्यांवर चालायला शिकवत होते. त्यांची जखम पाहून मला घेरी आली, तेव्हा आजोबांनी कुबड्या टाकून मला धरलं. (आधाराशिवाय ते त्या दिवशी पहिल्यांदा उभे राहिले. श्रेय माझंच, पण अर्जात कसं लिहू?)

तिसरा आपल्या टाउनशिपचा दवाखाना. डॉ. नलिनी देव यांच्या टेबलाशेजारी मी स्टुलावर बसायचे. येणारे सगळे मला लहानपणापासून ओळखणारे. निर्मलाकाकू कण्हत दारापर्यंत आल्या, मला पाहिलं आणि ताठ झाल्या. "अगं सुचेता, तू इथे? काही नाही हो डॉक्टर, जरा सर्दी." मग माझ्यासाठी इंदूरचं एक स्थळ सुचवून त्या गोळ्या घेऊन गेल्या. त्यांच्यामागून आलेल्या जयंतकाकांनाही सर्दी. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "तू बसायला लागल्यापासून या टाउनशिपला सर्दीखेरीज काही होतच नाही." मी हसले.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. एरवी मी संध्याकाळी जायचे, त्या दिवशी सकाळीच गेले होते. बाबा शर्टाचं वरचं बटण काढत आत आले. मला पाहिलं, बटण परत लावलं आणि म्हणाले, "खोकला." डॉक्टर छाती तपासायला उठल्या, तर म्हणाले, "नको, घशातच आहे." सिरप घेऊन निघून गेले. आत्या, बाबांना खोकला नाही. तरी जेवणानंतर ते चमचाभर सिरप तोंड वाकडं करून घेतात, आणि आई शेजारीपाजारी सांगते की औषधाचा चांगला गुण आला.

त्यानंतर मी स्टूल उचललं आणि बाहेर, औषधाच्या खिडकीपाशी नेऊन ठेवलं. टाउनशिपची सर्दी ओसरली. निर्मलाकाकू पुन्हा आल्या, बराच वेळ आत होत्या. बाबा पुन्हा आले नाहीत.

आता बाबांचं म्हणणं, दवाखानाच गाळ. अर्जाचा प्रत्येक मसुदा ते टेंडरसारखा तपासतात. "तिथे पाहिलंस काय तू? सर्दी!" खरं आहे. बाकी दोन ठिकाणी मी पाहिलं. इथे लोकांनी मला पाहिलं, आणि आपलं दुखणं तसंच घेऊन घरी गेले. उद्या कुणी माझ्यासमोर येऊन बसेल, तेव्हा सर्जनची पाठ माझ्या उपयोगी पडणार नाही. हे पडेल. लिहायचं तर हेच लिहावं. पण मसुदा बाबा वाचणार, आणि आपलं काहीतरी हिला कळलंय, हे त्यांना कळणार. मग ते खोकणंही सोडतील.

तेव्हा कोणते दोन ठेवू, एवढं कळव. नागपुरात सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी
सुचेता

ता. क. क्वार्टरचा जिना चढताना बाबा हल्ली मधल्या वळणावर थांबतात आणि कठड्याचा रंग तपासतात. आईला वाटतं, टाउनशिपच्या कामात लक्ष घालायला लागले.

आणखी ता. क. अनुभवांचं राहू दे, ते माझं मी ठरवीन. तू ये. त्यांना दवाखान्यात तूच नेऊ शकशील. आई न्यायला निघाली तर ते तिलाच तपासून आणतील. फक्त नंबर लागला की त्यांना एकट्याने आत जाऊ दे. तू बाहेर बस, माझ्याजवळ.